तिसऱ्या रिचर्डचा अभ्यास सुरू करताना

इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डची ओढ तुम्हाला लागली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र तो पुतण्यांचा खुनी की बदनामीचा बळी, याचा निकाल पहिल्याच आठवड्यात लावू नका. कोणतेही साधन हाती घेताना ते कोणी, केव्हा आणि कोणाच्या राज्यात लिहिले, हे आधी पाहा. त्या काळचा इतिहासलेखक जॉन राउस याने रिचर्ड हयात असताना त्याची स्तुती केली आणि रिचर्डला हरवून सातवा हेन्री गादीवर येताच तोच रिचर्ड दोन वर्षे आईच्या पोटात राहून दातांसह जन्मला, असे लिहून ठेवले. रिचर्डचा इतिहास पुढे लिहिणारा टॉमस मोर तर १४८५ मध्ये, रिचर्ड मारला गेला त्या बॉसवर्थच्या लढाईच्या वेळी, जेमतेम सात वर्षांचा होता.

म्हणून डॉमिनिक मॅन्सिनी या इटालियन माणसाचा वृत्तान्त आधी वाचा. तो १४८३ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये होता आणि बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड व त्याचा धाकटा भाऊ हे रिचर्डचे पुतणे लंडनच्या टॉवर या किल्ल्याच्या गजांआड दिवसेंदिवस कमी दिसू लागले आणि अखेर दिसेनासे झाले, हे त्याने त्याच वर्षी नोंदवले. खून झालाच, असे मात्र तो ठामपणे म्हणत नाही, आणि हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

लेस्टरच्या वाहनतळाखाली २०१२ मध्ये सापडलेल्या रिचर्डच्या सांगाड्याचा कणा एका बाजूला वाकलेला होता, पण शेक्सपिअरच्या नाटकातला वाळलेला हात तिथे नव्हता. हाडांनी शरीराचा प्रश्न सोडवला. मुलांचे काय झाले, हे त्यांना विचारू नका.