बिलावर ‘कलर स्टोन’, चॅटवर ‘नॅचरल’

प्रश्न: मी डिचोलीला राहते. चांदीत खडे बसवून अंगठ्या नि लोलक स्वतः घडवते आणि मोसमात हडफड्याच्या शनिवारच्या बाजारात विकते. जयपूरच्या एका व्यापाऱ्याकडून जांभळे-पिवळे दुरंगी अमेट्रिन दोनदा मागवले. फेब्रुवारीत १४ आणि ऑगस्टमध्ये २६ नग, मिळून ७२,००० रुपयांचे. व्हॉट्सॲपवर त्याने ‘नॅचरल’ असं लिहिलं होतं. पहिले १४ दागिन्यांत गेले, नंतरचे तसेच पडून आहेत. आता पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने अंगठी प्रयोगशाळेत दाखवली, अहवाल आला ‘सिंथेटिक क्वार्ट्झ’, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला. त्या ९,५०० रुपये परत मागतात. व्यापारी म्हणतो, सगळे खडे पाठवा, बघून सांगतो. बिलावर नुसतं ‘कलर स्टोन’ आहे आणि तळाला जयपूर न्यायालयाचं अधिकारक्षेत्र छापलेलं आहे.

उत्तर: ताई, खडे पाठवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ठरवा. ते २६ खडे हा तुमचा मुख्य पुरावा आहे. एकदा जयपूरला गेले की ‘हे आमचे नव्हेतच’ एवढं एक वाक्य तुमचं प्रकरण संपवायला पुरे. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ४३ सांगतं की, माल नाकारायचा हक्क असलेल्या खरेदीदाराने तो परत पोचवायलाच हवा असं नाही. नाकारला म्हणून कळवणं पुरतं. तेव्हा लेखी कळवा, आणि लगेच. अहवाल हाती आल्यावर महिनोन्महिने गप्प बसलात तर तुम्ही माल स्वीकारला असंच कायदा मानतो.

दोन पार्सलांची गत मात्र एक नाही. पहिले १४ तुम्ही कोंदणात बसवले, काही विकले. कायद्याच्या भाषेत तो माल स्वीकारला गेला, त्यासाठी तुम्हाला फक्त नुकसानभरपाई मागता येईल. दुसरे २६ तुम्ही अजून नाकारू शकता आणि त्यांची पूर्ण किंमत मागू शकता. व्यापाऱ्याचा वकील दोन्ही मिळून एकच व्यवहार असल्याचं म्हणेल, कारण अविभाज्य व्यवहारात थोडा माल स्वीकारला तरी उरलेला नाकारता येत नाही. ऑर्डर, पैसे, बिलं वेगळी असल्याचे कागद म्हणूनच जपून ठेवा.

‘कलर स्टोन’ शब्दाने घाबरू नका. माल वर्णनाबरहुकूम हवा, हे त्याच कायद्याचं कलम १५, आणि वर्णन बिलावरच असावं असा काही नियम नाही. तुमचं वर्णन चॅटमध्ये आहे. ‘हाही खरा क्वार्ट्झच की’ असं तो म्हणेल, तेही खोटं नाही. अमेट्रिन म्हणजे एकाच स्फटिकात जांभळा ॲमेथिस्ट आणि पिवळा सिट्रिन, दोन्ही रंग लोहामुळेच. निसर्गातला माल मुख्यतः बोलिव्हियातल्या अनाही खाणीतला. १९९० च्या दशकापासून तो रशियात प्रयोगशाळेतही वाढवतात, रासायनिकदृष्ट्या तोच. भिंगातून बघून भलेभले फसतात, तुम्ही कशा ओळखणार? पण तुम्हाला विकला गेला तो ‘नॅचरल’ या शब्दावर. प्रश्न तेवढाच आहे.

चॅट पुसू नका, फोन बदलू नका, आपोआप मेसेज पुसणारी सोय बंद करा. न्यायालयात स्क्रीनशॉट नुसता चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील तयार करवून घेतील. खड्यांचं असं करा: दोन शेजाऱ्यांसमोर प्रत्येकाचं वजन कॅरटमध्ये नोंदवा (१ कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम), फोटो काढा, पाकीट सीलबंद करून वर तिघांच्या सह्या घ्या. त्यातले चार-पाच त्रयस्थ प्रयोगशाळेकडे पाठवा, उरलेल्यांना हात लावू नका. एका अंगठीच्या अहवालावर अख्खा दावा उभा करणं मला जोखमीचं वाटतं.

गिऱ्हाइकाला मात्र पैसे परत करा. तुम्हाला ठाऊक नव्हतं हे मी मानतो, पण विक्रेत्या तुम्ही, आणि ‘नॅचरल’ हा शब्द तुम्हीही उच्चारला होतात. अंगठी परत घेऊन पावती करा. ती रक्कम पुढे व्यापाऱ्याकडे मागता येते, कारण हे खडे दागिन्यांत जाऊन विकले जाणार हे त्याला माहीत होतं. करार कायद्याच्या कलम ७३ ला तेवढं पुरतं.

आता कुठे जायचं? पर्वरीच्या ग्राहक आयोगाचं नाव सगळे सुचवतील. तिथे फी नाही, तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. पण पुनर्विक्रीसाठी घेणारा ‘ग्राहक’ नसतो. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी माल घेणाऱ्याला यातून सवलत आहे, पण खडे दागिन्यासकट विकलेच जातात, म्हणून ती बाजू मला लंगडी वाटते. तुमच्या जागी मी दिवाणी दावा पत्करला असता. जयपूरच्या छापील ओळीवर सही नसेल तर ती तुम्हाला बांधत नाही असा युक्तिवाद होतो, मात्र न्यायालयं दोन्ही बाजूंनी गेलेली आहेत. ऑर्डर, पैसे आणि माल पोचणं डिचोलीशी जोडलेलं असेल तेवढं इथलं अधिकारक्षेत्र बळकट.

दावा लावायची मुदत तीन वर्षं. गोव्यात अजून कुणीतरी सांगतं की आपल्याकडे पोर्तुगीज संहितेची लांबलचक मुदत चालते. वारसाहक्काच्या बाबतीत ती संहिता आहेच, पण अशा करारांना २००१ च्या सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक निकालानंतर १९६३ चा मुदत कायदाच लागू. फसवणुकीची पोलीस तक्रार (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८) आज करू नका. पहिल्यापासून फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि त्यालाही जयपूरच्या कुणीतरी फसवलं असू शकतं.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ चा तो कायदा आहे. जाताना दोन्ही बिलं, फोन, सीलबंद पाकीट आणि परत आलेली अंगठी घेऊन जा. अंगठीतला खडा कोंदणातून काढू नका.