डिझाइनला ॲडमिशन झाली, आता लॅपटॉप कोणता?

प्रश्न : नमस्कार. माझ्या मुलीची यंदा बी.डेस.ला (डिझाइनच्या पदवीला) ॲडमिशन झाली, पुण्याला होस्टेलवर राहणार, पुढे कम्युनिकेशन डिझाइन घ्यायचं म्हणते. लॅपटॉपचं बजेट ८० हजार, फार ताणलं तर ९०. इथे नागपुरात बर्डीवर दोन-तीन दुकानं फिरलो, सगळीकडे एकच, डिझाइन म्हणजे गेमिंग लॅपटॉपच घ्या, मोठं ग्राफिक्स कार्ड लागतंच. भाचा म्हणून राहिला की मॅकबुकच घ्या, दुसरं काही बघूच नका. मला यातलं फार कळत नाही आणि एवढे पैसे पुन्हा निघायचे नाहीत. काय करू?
– एक आई, मानेवाडा

उत्तर : ताई, पहिले तर घाई करू नका. कॉलेज सुरू व्हायच्या आत लॅपटॉप हातात पाहिजेच असं काही नाही. डिझाइनचं पहिलं वर्ष बहुतेक ठिकाणी फाउंडेशनचं असतं, म्हणजे ड्रॉइंग, रंग, कागद-पुठ्ठ्याची मॉडेलं, हातानं करायची कामं जास्त. बरीच कॉलेजं लॅपटॉप कसा हवा याची यादी स्वतःच देतात, ती येऊ द्या, तिच्या सीनियर्सना कोणती सॉफ्टवेअर वापरता ते विचारू द्या, आणि मग घ्या.

आता दुकानातलं. दुकानदार प्रोसेसर सांगेल, ग्राफिक्स कार्ड सांगेल, आणि स्क्रीनबद्दल फक्त '१५.६ इंच फुल एचडी' म्हणून मोकळा होईल. पण तुमच्या मुलीचं सगळं काम त्या स्क्रीनवर रंग बघूनच होणार आहे, म्हणून मी तर म्हणेन की पैसे आधी तिथे घाला. मॉडेलच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायचं एक माप) असं लिहिलेलं दिसलं की तो लॅपटॉप डिझाइनसाठी बादच समजा, कारण अशा स्क्रीनला एसआरजीबी नावाची जी रंगांची नेहमीची रेंज आहे तिच्यातले जेमतेम ६० ते ६५ टक्के रंगच दाखवता येतात. तुम्हाला '१०० टक्के एसआरजीबी' असं लिहिलेलं हवं, काही कंपन्या '७२ टक्के एनटीएससी' लिहितात, ते साधारण त्याच तोडीचं असतं.

हे आकडे बाजूला ठेवा आणि दुकानातच एक करून बघा. फोनमध्ये आपल्या संत्र्यांचा एक चांगला, उन्हात काढलेला फोटो ठेवा, तोच फोटो लॅपटॉपवर उघडायला लावा आणि दोन्हींचा ब्राइटनेस वाढवून शेजारी शेजारी धरा. स्वस्त स्क्रीनवर ते संत्रं विटकरी, मळकं दिसेल. आता विचार करा, असा मळका रंग बघून पोरगी काय करणार, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा वाढवणार, तिला तिथे बरोबर दिसेल आणि सरांच्या मॉनिटरवर तेच पोस्टर भडक, डोळ्यात घुसणारं होईल. तिची नजर तयार व्हायची हीच वर्षं आहेत, ती चुकीच्या रंगांवर तयार होऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे. आणि हो, १४४ हर्ट्झ (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते) वगैरे सांगतील, त्याचा रंगाशी काही संबंध नाही, कमी किमतीच्या बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत १४४ हर्ट्झची पण हीच ४५ टक्केवाली स्क्रीन बसवलेली असते.

दुसरं, रॅम १६ जीबीच. फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि क्रोममध्ये रेफरन्सचे वीस टॅब एकदम उघडे, हा डिझाइनच्या पोरांचा रोजचा दिवस असतो, त्यात ८ जीबी पुरत नाही. नंतर वाढवू म्हणत असाल तर आधी विचारून घ्या की रॅमचा स्लॉट आहे की ती बोर्डवरच सोल्डर केलेली आहे, कारण पातळ लॅपटॉपांत ती सोल्डर असते आणि मग कधीच वाढत नाही. एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायची वेगवान डिस्क, ५१२ जीबी.

ग्राफिक्स कार्डाबद्दल दुकानदार अगदी खोटं बोलत नाहीये, पण ते कोणाला लागतं? थ्रीडी करणाऱ्याला. ब्लेंडर, ॲनिमेशन, प्रॉडक्टचं रेंडरिंग असेल तर आरटीएक्स ४०५० सारखं ६ जीबीचं कार्ड खरंच कामी येतं. कम्युनिकेशन डिझाइनचं, म्हणजे पोस्टर, पुस्तकं, ॲपच्या स्क्रीन असलं, काम फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन, फिग्माचं, त्यातलं फिग्मा तर ब्राउझरमध्येच चालतं. त्यासाठी सव्वादोन-अडीच किलोचा लॅपटॉप आणि वरून त्याचा जाडजूड चार्जर रोज पाठीवर का वाहायचा? बॅटरीवर त्या कार्डाचा जोरही कमी होतो, म्हणजे वर्गात प्लगजवळची जागा धरून बसा.

भाच्याचं म्हणणं चूक नाही. मॅकबुक एअरची स्क्रीन रंगाला चांगली आहे, वजन सव्वा किलोच्या आसपास आणि बॅटरी दिवसभर जाते. एम४ चिपवाला मार्च २०२५ मध्ये ९९,९०० ला आला, स्टुडंटसाठी ८९,९००, त्यात १६ जीबी रॅम पण स्टोरेज फक्त २५६ जीबी, आणि दोन्ही नंतर वाढत नाही. शिवाय मुलीचं मन बदललं आणि ती प्रॉडक्ट डिझाइनकडे वळली तर तिथे लागणारं सॉलिडवर्क्स हे थ्रीडी सॉफ्टवेअर मॅकवर चालतच नाही, थ्रीडीएस मॅक्सचंही तेच. आणि सगळं बजेट त्यातच संपलं तर पेन टॅबलेट (पेननं चित्र काढायची, लॅपटॉपला जोडायची पाटी), बाहेरची हार्ड डिस्क, फोटोशॉपवाल्या ॲडोबीचं सबस्क्रिप्शन कशातून करणार? म्हणून तुमच्या जागी मी चांगल्या स्क्रीनचा, दीड-पावणेदोन किलोच्या आतला विंडोज लॅपटॉप ७० हजारांच्या आसपास बघितला असता आणि उरलेले पैसे या बाकीच्या गोष्टींना ठेवले असते. वॉरंटी ऑनसाइट, म्हणजे माणूस जागेवर येऊन दुरुस्त करेल अशी, आहे ना, पुण्यात मिळेल ना, तेवढं पक्कं करून घ्या.

एक मात्र कळकळीनं सांगते. 'फोटोशॉप फ्रीमध्ये टाकून देतो' असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत व्हायरस येतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री फाइल्स गेल्या तर कोणी भरून देत नाही. स्टुडंटना फिग्मा आणि ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर अधिकृतपणे फुकट मिळतात, ब्लेंडर, क्रिटा, इंकस्केप तर सगळ्यांनाच फुकट आहेत, आणि ॲडोबीचा स्टुडंट प्लॅन बराच स्वस्त पडतो.

प्रश्न : मी नागपुरातच इंटिरियर डिझाइनच्या सेकंड इयरला आहे. लॅपटॉप आय५ आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. स्केचअप (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) उघडलं की हँग होऊन राहिला, मे महिन्यात तर बंदच पडायचा. घरच्यांना नवीन माग की हाच चालव?
– विद्यार्थी, त्रिमूर्ती नगर

उत्तर : आत्ताच नवीन मागू नकोस. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसव, रॅमचा स्लॉट असेल तर १६ कर, एवढ्यानंच फरक जाणवेल. मे मध्ये बंद पडायचा कारण आपल्याकडे खोलीच ४० च्या वर असते, आत फॅनमध्ये धूळ भरलेली, प्रोसेसर गरम झाला की आधी स्वतःच स्लो होतो आणि तरी भागलं नाही की मशीन बंद करतो. उघडून साफ करून घे, प्रोसेसरची उष्णता बाहेर जायला लावलेली थर्मल पेस्ट बदलून घे. गादीवर ठेवून काम करू नको, खालची हवा बंद होते, आणि डेझर्ट कूलरच्या अगदी तोंडासमोर पण नको, त्यातून पाण्याचे तुषार येतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण आठव्या जनरेशनला विंडोज ११ चालतं, ते टाकून घे. पुढे लुमियन (मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) शिकवायला लागले की मात्र ग्राफिक्स कार्ड लागेलच, तेव्हा घरी बोल, आणि तेव्हा मॅक बघू नको, लुमियन विंडोजवरच चालतं.

प्रश्न : इलस्ट्रेशनसाठी टचस्क्रीन लॅपटॉप घेऊ की पेन टॅबलेट?
– वाचक, सदर

उत्तर : पेन टॅबलेट. साधा, स्क्रीन नसलेला चार-पाच हजारांत येतो, लॅपटॉप बदलला तरी तोच चालतो. सुरुवातीला हात इकडे आणि नजर तिकडे हे जमत नाही, रोज थोडं थोडं काढत राहा, काही आठवड्यांत हात बसतो. टचस्क्रीन आहे म्हणजे पेनचा दाब कळतोच असं नसतं, ते त्या त्या मॉडेलवर आहे, म्हणून घ्यायचाच असेल तर दुकानात क्रिटा हे चित्र काढायचं फुकट सॉफ्टवेअर उघडून पेन हलकं-जोरात दाबून रेघ जाड-बारीक होते का ते बघूनच घ्या.