विद्यापीठाच्या वेबसाइटला कुठलं प्लगइन बसवावं?

विद्यापीठाची वेबसाइट दिव्यांगांसाठी सुगम करायची आहे, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम दीड महिन्यात येतेय, बजेट फारसं नाही, तर कुठलं प्लगइन चांगलं, असं तुम्ही विचारलंय.

कुठलंच नाही.

कोपऱ्यात एक गोल चिन्ह येतं, ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात आणि एक बाई पान वाचून दाखवायला लागते, तेच ना? मी जन्मापासून अंध आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, मी माझं माझं घेऊन येते, त्याच्याशिवाय तुमच्या वेबसाइटपर्यंत पोचलेच नसते. त्यात तुमची बाई बोलायला लागली की दोघांचा मिळून मासळीबाजार होतो. अमेरिकेतल्या अशाच एका प्लगइनवाल्या कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाने 2025 मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. एवढं बसवा की तुमची वेबसाइट नियमात बसलीच, असं ती सांगत होती आणि ते खरं नव्हतं.

आता मी एवढी का चिडलेय ते आधी सांगते, तुमच्या कामाचं नंतर.

2013 सालची गोष्ट. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. जुना लॅपटॉप साडेतीन हजारांत मिळाला, कारण त्याचा स्क्रीन पूर्ण गेलेला होता. विकणाऱ्याला वाटलं गिऱ्हाईक गंडलं, मला वाटलं तोच गंडला. मला स्क्रीन काय करायचाय? एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो एका मित्राने टाकून दिला. तेव्हा मराठीसुद्धा मी त्याच्या खरखरीत हिंदी आवाजात ऐकायचे. चालत होतं. सहा महिने सगळ्या नोट्स तशाच वाचल्या.

मग परीक्षेचा फॉर्म आला. त्या वर्षीपासून ऑनलाइन.

टॅब दाबला. "एडिट, ब्लँक." परत टॅब. "एडिट, ब्लँक." परत. असे एकतीस रकाने. रकान्याशेजारी त्याचं नाव छापलेलं असतं म्हणे, पण कोडमध्ये ते नाव रकान्याला जोडलेलंच नव्हतं, त्यामुळे मला सगळे सारखेच. मग मी काय केलं, प्रत्येक रकान्यात काहीतरी टाकून बघायचं आणि चूक कुठली दाखवतो त्यावरून ओळखायचं. मोबाइल नंबर चुकीचा आहे असं म्हणाला, म्हणजे आईचं नाव मोबाइलच्या रकान्यात गेलं. दर दहा मिनिटांनी साइट बाहेर काढायची आणि भरलेलं सगळं पुसायची. म्हणून मी ब्रेल पाटी घेतली आणि त्या फॉर्मचा नकाशाच टोचून काढला. सात आईचं नाव, अकरा पिनकोड, चौदाला काही टाकायचं नाही. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री पूर्ण फॉर्म सहा मिनिटांत भरत होते. अजूनही मला त्याचा अभिमान वाटतो.

अडलं दोन ठिकाणी. एक जन्मतारीख. ती टाइप करता येत नव्हती, कॅलेंडर उघडायचं आणि माउसने निवडायची. दुसरा कॅप्चा, म्हणजे वाकडीतिकडी अक्षरं बघून लिहायची. दोन्हीला डोळे हवेत. डोळे घरात भरपूर होते हो, भावाचे होते, वडिलांचे होते. पण बघणार कशात? लॅपटॉपला स्क्रीन कुठे होता?

भावाने कुठूनतरी केबल आणली आणि लॅपटॉप शेजारच्या काकूंच्या टीव्हीला जोडला. रात्री आठ वाजता. मालिकेची वेळ, तरी काकूंनी दिला, हे विसरून चालणार नाही. मी फॉर्म भरला, भावाने माउस धरला. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडलं आणि मागे जायला एकच बाण, एका टिचकीला एक महिना. माझा जन्म 1991 चा. हिशोब करा, अडीचशेच्या वर टिचक्या. भाऊ एकेक वर्ष मोठ्याने म्हणत मागे चाललेला, "दोन हजार चार... दोन हजार तीन..." आणि काका म्हणाले, "थांब, याच वर्षी आपण फ्रीज घेतला."

तारीख झाली. मग बत्तीस इंची टीव्हीवर कॅप्चा, आणि समोर चार डोळस माणसं.

"आर, सात, मग क्यू."

"क्यू कुठला, नऊ आहे तो."

"पुढचा पी मोठा का लहान?" मी विचारलं.

वडील म्हणाले, "पी तो पी. त्यात लहान-मोठा काय!"

त्यांचं एकमत होईपर्यंत दहा मिनिटं संपली आणि माझा एनव्हीडीए टीव्हीच्या स्पीकरमधून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "युवर सेशन हॅज एक्सपायर्ड." आम्ही हसून हसून दमलो. काकूंनी मालिका लावली.

दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख. नेट कॅफेतल्या मुलाने तीस रुपये घेतले आणि दहा मिनिटांत फॉर्म भरून दिला. माझा पासवर्ड, पत्ता, फोन नंबर, जातीचा दाखला, अपंगत्वाची टक्केवारी, सगळं त्याच्यासमोर मोठ्याने सांगितलं, मागे रांगेत पोरं उभी. त्याने ऐच्छिक पेपर चुकीचा निवडला. मी घेतलेला लोकसाहित्य, त्याने टाकलं भाषाविज्ञान. ते कळलं हॉल तिकीट आल्यावर, परीक्षेच्या आठ दिवस आधी. हॉल तिकीटसुद्धा चित्रच होतं, मला वाचता येईना. मैत्रिणीने वाचलं म्हणून निदान कळलं तरी.

वडिलांनी रजा टाकली. एस.टी.ने विद्यापीठ. परीक्षा विभागाने कॉम्प्युटर सेक्शनला पाठवलं. तिथल्या साहेबांनी पहिलं वाक्य वडिलांना विचारलं, "काय प्रॉब्लेम आहे हिचा?" मी सांगायला लागले. ते ऐकत होते, पण उत्तर वडिलांना देत होते. शेवटी म्हणाले, "काका, तिला सांगा, फॉर्म भरताना नीट बघून भरायचा ना."

वडील गप्प. मीही गप्प. त्या दिवशी मला एक शब्द सुचला नाही, हे मला बारा वर्षं डाचतंय.

पुढे ते म्हणाले की वेबसाइटवर स्क्रीन रीडरचं पान आहे की, ते बघितलं नाही का. ते पान मी नंतर शोधलं. त्यात स्क्रीन रीडर कुठून डाउनलोड करायचा त्याचे पत्ते होते. म्हणजे चष्मा कुठे ठेवलाय ते बारीक अक्षरात चिठ्ठीवर लिहून ठेवायचं, तसं. तुमच्याही वेबसाइटवर ते पान असणार. असू द्या, पण ते केलं म्हणजे काम झालं असं नॅकला सांगू नका.

आता तुमचं काम.

सगळ्यात आधी मुखपृष्ठ सोडा. विद्यापीठाचा सगळा पैसा मुखपृष्ठावर जातो, कुलगुरूंचा फोटो, सरकत्या बातम्या, लुकलुकणारं 'नवीन'. विद्यार्थ्याचं खरं काम असतं प्रवेश, परीक्षेचा फॉर्म, फी, हॉल तिकीट आणि निकाल. हे बहुतेक ठिकाणी बाहेरच्या कंपनीच्या पोर्टलवर असतं आणि तिथे तुमचं प्लगइन पोचतसुद्धा नाही. तेव्हा टेंडरमध्येच लिहा की पोर्टल डब्ल्यूसीएजी 2.1 या वेब सुगमतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीला उतरलं पाहिजे. सरकारी वेबसाइटसाठीची 2023 ची जीआयजीडब्ल्यू 3.0 ही मार्गदर्शक तत्त्वंही तेच मागतात, आणि आयएस 17802 हे भारतीय मानकही आहे. शेवटचा हप्ता अंध माणसाने फॉर्म भरून दाखवल्यावरच द्यायचा. बिल अडलं की डेव्हलपरला सगळं जमतं.

फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्याला कोडमधून नाव जोडा. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, माझ्या दोन रात्री यातच गेल्या होत्या. जन्मतारीख टाइप करू द्या. कॅप्चा काढा, मोबाइलवर ओटीपी पाठवा. चूक झाली तर कुठल्या रकान्यात झाली ते शब्दांत सांगा. नुसतं लाल केलं तर मला काय कळणार? वेळ संपायच्या आधी विचारा, वाढवून द्या. बघा ना, परीक्षेत लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा देतात आणि त्याच परीक्षेचा फॉर्म भरायला एक मिनिट जादा नाही.

परिपत्रकांचं तर विचारूच नका. माणूस वर्डमध्ये टाइप करतो, प्रिंट काढतो, सही-शिक्का घेतो, तिरकं स्कॅन करतो आणि तो फोटो पीडीएफ म्हणून चढवतो. मी उघडलं की कोरा कागद. लेखनिक कसा मिळेल, याचं परिपत्रकसुद्धा मी असंच कोरं ऐकलंय. सहीची प्रत हवी तर ठेवा, पण शेजारी वर्डमधून थेट काढलेली पीडीएफही ठेवा, आणि ती युनिकोडमध्ये. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये, म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठी रूप, टाइप केलेला 'परीक्षा' हा शब्द मला कसा ऐकू येतो माहितेय? "आय, जे, एच, महिरपी कंस, के, के." मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचंही नोंदवा, नाहीतर बरेच इंग्रजी आवाज देवनागरी परिच्छेद सरळ गिळून टाकतात. आणि 'येथे क्लिक करा' बंद करा. मी लिंकांची यादी काढते तेव्हा ओळीने पन्नास वेळा 'येथे क्लिक करा' येतं. कुठे क्लिक करू?

निकालाचं पान तक्ता म्हणूनच करा, रकान्यांना शीर्षकं देऊन. मी आता एका कॉलेजात मराठी शिकवते आणि अंतर्गत गुण भरायचं पोर्टल उघडलं की "ओळ चौदा, रकाना सहा, एडिट, ब्लँक" ऐकते. नाव कोणाचं, गुण कशाचे, पत्ता नाही. म्हणून गुण सहकारी भरतात आणि सही माझी. 2013 पासून माझी नोकरी बदलली, लॅपटॉपला स्क्रीन आला, 'एडिट, ब्लँक' तिथेच आहे.

पैसे न घालवता आजच्या आज एक करून बघा. माउस काढून ठेवा आणि टॅब, एंटर आणि बाणांवर तुमचा फॉर्म पूर्ण करा. आपोआप तपासणारी साधनंही आहेत, वापरा. पण चित्राचं वर्णन म्हणून नुसतं 'चित्र एक' लिहिलेलं त्यांना चालतं, मला चालत नाही.

कायदाही सांगून ठेवते, मीटिंगमध्ये उपयोगी पडेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगमतेचं बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा. एप्रिल 2025 मध्ये तर डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. साहेबांना वाचून दाखवा. तुमच्या नव्हे, आमच्या साहेबांना दाखवायचं होतं खरं तर.

एक राहिलं. मी अंध आहे म्हणून अंधांचंच बोलले. कमी दिसणाऱ्यांना फिक्या राखाडीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत, अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान साडेचारास एक हवा. कर्णबधिर मुलांना व्हिडिओखाली मजकूर हवा. ज्यांचा हात थरथरतो त्यांना चिमुकली बटणं जमत नाहीत. कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, प्रत्येकाचं त्या त्या माणसालाच विचारा. प्लगइनबद्दल मी जरा जास्तच तोडून बोलले असेन, अक्षरं मोठी करायला कोणाला आवडत असेल तर ठेवा बापडं.

दीड महिन्यात सगळं होणार नाही. परीक्षेचा फॉर्म तेवढा घ्या. तुमच्याच विद्यापीठात शिकणारी एखादी अंध मुलगी बोलवा. सापडत नसेल तर मुंबईत झेवियर्स कॉलेजचं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र आहे, नॅब ही अंधांसाठीची संस्था आहे, तिथे विचारा. मानधन द्या, नुसतं प्रमाणपत्र नको. तिच्यासोबत वडील आले असतील तर त्यांना कँटीनमध्ये बसवा आणि जे विचारायचं ते तिला विचारा. डेव्हलपरला तिच्या मागच्या खुर्चीवर बसवा, हाताची घडी घालून. दोन तास धरा. पहिल्या वेळी फॉर्म पूर्ण होणार नाहीच. ती अडली की सगळ्यांच्या जिभा वळवळतील. "वरती उजवीकडे लाल बटण आहे बघ" असं जो म्हणेल, त्याला चहा आणायला पाठवा.