शार्कची पिल्लं उथळ लगूनमध्येच का राहतात? आई त्यांना सांभाळते का? आणि ती चावतात का?

सांभाळत नाही. पिल्लू बाहेर पडलं की आई तिच्या वाटेने निघून जाते.

मी सोलापूरचा. आमचा समुद्राशी संबंध मंडईत बर्फावर पडलेल्या मुशीपुरता. पण मोहोळजवळ आमचं शेततळं आहे, कटला-रोहू सोडतो. त्यामुळे लक्षद्वीपला अगत्तीला गेलो, तेव्हा बाकीचे फोटो काढत होते आणि मी गुडघाभर पाण्यात पिल्लंच बघत बसलो. हातभर लांब, वाळूच्या रंगाची, पाठीवरच्या पराच्या टोकाला काजळाचं बोट लावल्यासारखं काळं. ब्लॅकटिप रीफ शार्क. पाऊल उचललं की सगळी पसार, गप्प उभं राहिलं की पुन्हा काठाकाठाने हजर.

पिल्लांना खाणाऱ्यांत मोठे शार्कच आघाडीवर, आणि इतक्या उथळ पाण्यात त्यांचं धूड शिरत नाही. आम्हीही जिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिल्लं, थेट मोठ्या तळ्यात टाकत नाही. आधी संगोपन तळ्यात वाढवायचे, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी, झाली की मग सोडायची. शार्कच्या आईने हेच केलेलं असतं, फक्त तळं आयतं निवडलेलं.

आता हिशेब बघा. कटल्याची मादी हंगामात लाखांनी अंडी देते, मेली तर मेली. लेमन शार्क ही शार्कची दुसरी एक जात; तिची मादी जवळपास वर्षभर पोटात वाढवून 4 ते 18 पिल्लं देते, तीही साधारण दोन वर्षांतून एकदा. पिल्लू दोन फुटांचं, आणि चक्क नाळेला जोडलेलं! जन्मल्यावर पोटाखाली, पुढच्या दोन परांच्या मधे, नाळेची उघडी खूण दिसते. काही आठवड्यांत ती भरून येते. संशोधक तिच्यावरूनच पिल्लू किती दिवसांचं ते ताडतात. शिवाय आईने यकृतात चरबीची शिदोरी बांधून दिलेली असते. शिकार जमेपर्यंत पिल्लू तिच्यावर काढतं आणि सुरुवातीला चक्क वजन घटवतं.

एवढं करूनही बहामाच्या बिमिनी बेटांवर पहिल्याच वर्षी जवळपास निम्मी दगावतात. उरलेली दोन-तीन वर्षं खारफुटीच्या मुळांच्या आसपास काढतात. वयात यायला बारा-एक वर्षं! आमचा कटला वर्षात किलोभर होतो.

मला सगळ्यात भारी वाटली ती पुढची गोष्ट. बिमिनीत जन्मलेल्या, पिल्लू असताना खुणा करून सोडलेल्या काही माद्या 14 ते 17 वर्षांनी बाळंतपणाला त्याच लगूनमध्ये परतल्या. माहेरीच म्हणा ना. तिथेच रिसॉर्टसाठी तळ उपसला, खारफुटी तोडली, तेव्हा पिल्लं जगण्याचं प्रमाण घसरलं.

चावण्याचं म्हणाल, तर ब्लॅकटिपने पाण्यात चालणाऱ्याच्या पायाला मासा समजून तोंड लावल्याच्या नोंदी आहेत. माझ्या पोटरीच्या वितभर अंतरावरून एक गेलं, तेवढंच.