आधी पाणी बघ

अनेक आशीर्वाद.

चित्राचा फोटो मिळाला. उत्तरेकडचं तळं, वर दाटून आलेलं आभाळ, वादळ अजून यायचंय. ढगांवर जीव ओतलायस, ते दिसतंच. पाणी मात्र सगळ्यात शेवटी, उरलेल्या रंगात उरकलंस, हेही दिसतं.

लांबच्या संथ पाण्यात क्षितिजालगतचं आभाळ दिसतं, पायाजवळच्या पाण्यात बरंच वरचं. तुझ्या चित्रात क्षितिजाशी उजेडाची पट्टी आहे, म्हणजे लांबचं पाणी चकाकायला हवं. अशात वाऱ्याने पाण्याचा एखादा पट्टा शहारला, की लाटांच्या आपल्याकडे कललेल्या अंगावर वरचा काळा ढग उतरतो आणि त्या चकाकीत एक काळपट डाग सरकू लागतो. तो डाग म्हणजे तुझं वादळ! तू वीज काढलीस. ती पुसून टाक, वाईट वाटलं तरी.

फिनलंडच्या आक्सेली गालेन-काल्लेलाचं १९०५चं ‘लेक कैतेले’ शोधून बघ. बहुतेक चित्रभर पाणीच आहे, आणि त्यावर शांत-शहारलेल्या पाण्याचे रुपेरी, करडे, वाकडेतिकडे पट्टे. या एका विषयाची त्याने चार चित्रं केली. तू एकातच थकू नकोस.

काठावरच्या गडद झाडांचं प्रतिबिंब झाडांपेक्षा किंचित उजळ असतं. तुझं उलट झालंय. आणि ढगात ट्यूबमधला काळा नको. मी बरीच वर्षं तोच फासत होतो, आभाळाला भोक पडल्यासारखं दिसायचं. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळ. मग ढग निळ्याकडे झुकवायचा की तपकिरीकडे, हे तुझ्या हातात राहतं.

कॅनव्हासही फार मोठा घेतलास. टॉम थॉमसन कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कमध्ये तळ्याकाठी बसून साधारण २१ बाय २६ सेंटिमीटरच्या फळ्या रंगवायचा. ‘द वेस्ट विंड’ हा मोठा कॅनव्हास त्याने १९१६-१७च्या हिवाळ्यात टोरंटोत केला, तोही अशाच एका फळीवरून. एवढीशी फळी ढग सरकायच्या आत भरून होते.

तेव्हा पुढच्या खेपेला तीन फळ्या कर, आभाळ वरच्या बोटभर जागेतच. मागे वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून पाठव.