जुलैचं बोला, फेब्रुवारीचं नको

प्रश्न बडोद्याच्या एका वाचकाचा आहे. वय ३४, मकरपुऱ्यातल्या कंपनीत पॅकेजिंग डिझायनर, नोकरीला ८ वर्षं ९ महिने झालेले. पगार ४६ हजार, त्यात बेसिक २३ हजार, हातात ४३ हजार. पत्नी शाळेत शिकवतात, त्यांचे २६ हजार घरी येतात. गृहकर्जाच्या १७,५०० च्या हप्त्यासह घरखर्च ५२ हजार. मुलगी दुसरीत, आईला बीपी. ३ लाख १० हजारांची एफडी आहे. संध्याकाळी आणि रविवारी ते लग्नसमारंभांत कॅरिकेचर, म्हणजे चेहऱ्यांची गमतीदार चित्रं, काढतात, घरी बसून पत्रिकांची कामं करतात. गेल्या वर्षी यातून ३ लाख ८२ हजार मिळाले. आता पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा, २२ इंची पेन डिस्प्ले (ज्याच्यावर पेननं थेट चित्र काढता येतं असा पडदा) आणि तगडा लॅपटॉप असा २ लाख ३५ हजारांचा संच १८ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा आणि पूर्णवेळ हेच करायचं, असा बेत आहे. 'पीएफ काढून सुरुवातीचं वर्ष निघेल. कलावंतानं नोकरीत कुढत बसू नये, असं तुम्हाला वाटत नाही का?' असं ते विचारतात.

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो. आर. के. लक्ष्मण यांनी हयातभर वर्तमानपत्राची नोकरी केली, आणि त्यात त्यांची रेघ कुढली असं काही दिसलं नाही.

आता आकड्यांकडे. तुम्ही महिन्यागणिक हिशेब पाठवलात, हे फार बरं केलंत. बहुतेक जण 'सरासरी तीसेक हजार सुटतात' एवढंच लिहितात. तुमची सरासरीही ३१,८०० येते आणि तीच फसवी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत २ लाख ३१ हजार, म्हणजे वर्षाचे साठ टक्के. एकट्या फेब्रुवारीत ६९ हजार. आणि जुलैत साडेचार हजार, ऑगस्टमध्ये सहा, सप्टेंबरमध्ये साडेनऊ. चातुर्मासात लग्नं नाहीत, मग तुम्हीही नाही. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत गुजराती लग्नंही थांबतात, पण तेव्हा परदेशातून आलेली मंडळी आणि कंपन्यांच्या पार्ट्या तुम्हाला तारून नेतात. पावसाळ्यात असं तारणारं कोणी नाही.

हे ३ लाख ८२ हजारही पूर्ण तुमचे नव्हेत. कागद, मार्कर, गाडीभाडं, सॉफ्टवेअरचं मासिक भाडं आणि इव्हेंटवाल्याचं कमिशन मिळून तुम्हीच खाली बारीक अक्षरात ५८ हजार लिहिलेत. उरले ३ लाख २४ हजार, महिन्याला २७ हजार. कंपनीचा मेडिक्लेम गेला की स्वतःच्या विम्याचे महिना चारेक हजार धरा. संचाचा हप्ता १३ हजार. म्हणजे जुलैत घराला ६९ हजार लागतील आणि येतील ते पत्नीचे २६ हजार अधिक तुमचे साडेचार. साडेअडतीस हजारांचं भगदाड, तेही एका महिन्यात.

तुम्ही म्हणाल, पूर्णवेळ दिला की उत्पन्न वाढेलच. इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. तुमच्या उत्पन्नाचे तीन झरे आहेत. समारंभात बसून काढलेली चित्रं: २४ कार्यक्रम, प्रत्येकी ८ हजार, १ लाख ९२ हजार. लग्नपत्रिका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आमंत्रणांसाठी जोडप्यांची चित्रं: १ लाख २८ हजार. आणि फाइव्हर या ऑनलाइन कामांच्या बाजारावरून परदेशी गिऱ्हाइकांची कामं, त्यांचं २० टक्के कमिशन वजा जाता ६२ हजार. यातला पहिला झरा कधी वाहतो? संध्याकाळी सात ते अकरा, शनिवार-रविवारी. ते तास आजही तुमचेच आहेत. नोकरी सोडून मोकळी होते ती सकाळी नऊ ते सहाची वेळ, आणि त्या वेळात तुम्ही करणार पत्रिका आणि परदेशी ऑर्डरी.

नेमकं हेच काम स्वस्त होत चाललं आहे. मार्च २०२५ च्या अखेरीस चॅटजीपीटीवर जिब्ली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीतल्या चित्रांची लाट आली, सप्टेंबरमध्ये गूगलच्या जेमिनीवर साडीतल्या फोटोंची. फोटो टाकला की मिनिटभरात चित्र, तेही फुकट. तुमचं कितीतरी सरस असेल, पण पत्रिका छापणाऱ्या मामाला ते कळत नाही आणि कळलं तरी त्याला घाई असते. जोडप्याच्या चित्राचा दर साडेतीन हजारांवरून दोन हजारांवर आल्याचं तुम्हीच लिहिलंय. समारंभात मात्र रांगेत उभ्या असलेल्या आत्याबाईंना त्यांच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटांत नाकासकट उतरवणं अजून कोणत्या अ‍ॅपला जमलेलं नाही. तिथे माणूस विकला जातो. म्हणून पैसा तिकडे लावा.

संचाचंही तेच. २२ इंची पडदा घरातल्या टेबलावर बसणार, म्हणजे घसरत्या दराच्या कामाला जुंपला जाणार. कॅरिकेचरला तो लागतही नाही. ए-३ कागदावर ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर चित्र साधारण ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचं होतं, आणि तुमचे पाच-सात लेयर (चित्राचे एकावर एक थर) आजचा मधल्या दर्जाचा आयपॅड आरामात पेलतो. दाब ओळखणारं पेन, प्रोक्रिएट हे चित्रकलेचं अ‍ॅप (एकदाच पैसे भरायचे, मासिक भाडं नाही) आणि जागेवर चार बाय सहाचा प्रिंट काढणारा छोटा प्रिंटर घ्या. यजमानांच्या टीव्हीवर तुमची रेघ उमटताना सगळा हॉल पाहील आणि नंतर चित्र घडतानाचा व्हिडिओ नवरदेवाला पाठवता येईल. हे सगळं ९० हजारांच्या आत बसवा आणि ईएमआयवर नको, या उन्हाळ्याच्या लग्नांच्या पैशातून घ्या. पेन घेताना एक सांभाळा: अ‍ॅपलच्या स्वस्तातल्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही. जाड-बारीक रेघ हाच तुमचा हात, आणि दुकानदार हे आपणहून सांगत नाही. नो-कॉस्ट म्हणजे फुकट, असंही समजू नका. व्याज किमतीत दडलेलं असतं, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी कार्डाच्या बिलात येतो.

मग दर वाढवा. चार तासांत ४५-५० चेहरे काढता, म्हणजे माणशी १६०-१८० रुपये. डिजिटल आणि जागेवर प्रिंट असेल तर ११ हजार सांगा. २४ पैकी चार यजमान गेले तरी २ लाख २० हजार होतात. आजच्यापेक्षा २८ हजार जास्त आणि चार संध्याकाळी मुलीसाठी मोकळ्या. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय तारीख अडवू नका. इव्हेंटवाल्याकडचे पैसे लग्नानंतर किती महिन्यांनी येतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

राजीनामा कधी, तर पुढचा फेब्रुवारी पार पडल्यावर. त्याला एक सरळ कारण आहे, ते तुमच्या पीएफच्या पासबुकात. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत दहा वर्षं सेवा झाली की ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क मिळतो, आणि सहा महिने किंवा त्याहून जास्त झाले की ते वर्ष पूर्ण धरतात. म्हणजे साडेनऊ वर्षं पुरतात. तुम्हाला नऊ महिने कमी आहेत. १५ हजारांच्या पगारमर्यादेवर हिशेब केला तर पेन्शन महिना २,१४३ रुपये बसते. फार नाही. पण नऊ महिन्यांसाठी हक्कच सोडायचा, हे मला पटत नाही. पीएफचे पैसे वर्ष काढायला वापरण्याचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. नोकरी सुटली की तुमच्या म्हातारपणासाठी कोणी दरमहा कापून घेणार नाही, तेव्हा साठलेलं तरी राहू द्या. ग्रॅच्युइटीला धोका नाही. आज सोडली तरी नऊ वर्षं धरून १ लाख १९ हजार मिळतील.

या वर्षात एक काम न चुकता करा: हे बाहेरचं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा. आजवर फक्त पगाराचं रिटर्न भरलंय असं दिसतं. २०२५-२६ साठी पगार ५ लाख ५२ हजार, त्यातून ७५ हजारांची वजावट, अधिक चित्रांचे ३ लाख २४ हजार, मिळून ८ लाख १ हजार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट (करमाफी) असल्यामुळे कर शून्य. उलट दोन-तीन वर्षांची अशी रिटर्न हातात असली की उद्या बँक किंवा टर्म विमा कंपनी तुम्हाला कमावता माणूस समजेल. फॉर्म मात्र पगारदारांचा साधा चालणार नाही, सीएकडून भरून घ्या. सेवांसाठी जीएसटीची मर्यादा २० लाखांची आहे, ती चिंता सध्या नको. नोकरीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय, तेही एकदा वाचून घ्या.

परीक्षा पावसाळ्याची ठेवू. जून ते सप्टेंबर मिळून गेल्या वर्षी ३२ हजार आले. यंदा त्या चार महिन्यांत लग्नांशी संबंध नसलेल्या कामातून ८० हजार आणून दाखवा. बडोद्यात ते अशक्य नाही. मकरपुरा, सावली, हालोलच्या कारखान्यांना सुरक्षेची पोस्टरं लागतात, निवृत्त होणाऱ्या माणसाला साहेबांच्या सह्यांसह त्याचं चित्र भेट द्यायचं असतं, डॉक्टरांची संमेलनं असतात, क्लासवाल्यांना पुस्तिकेत चित्रं हवी असतात. पॅकेजिंगमध्ये नऊ वर्षं घालवलेल्या माणसाला खरेदी विभागाचा दरवाजा कुठे असतो ते ठाऊक असतं. ८० झाले तर फेब्रुवारीनंतर खुशाल सोडा, मी आड येणार नाही. ५० झाले तर कंपनीकडे हंगामापुरती बिनपगारी रजा मागून पाहा. ३२ वरच अडकलात, तर उत्तर तुम्हालाच कळेल. एफडी या सगळ्यात जशीच्या तशी राहिली पाहिजे. तुमच्याकडून काहीच आलं नाही तर घराची तूट आणि विमा मिळून महिना ३० हजार लागतील, त्या हिशेबानं ती दहा महिने पुरते.

विमा मात्र फेब्रुवारीची वाट पाहत ठेवू नका. तुमची, पत्नीची आणि मुलीची फॅमिली फ्लोटर (तिघांची मिळून एकच आरोग्य पॉलिसी) आत्ताच घ्या, टर्म विमाही पगाराच्या स्लिपा हातात असतानाच. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. आईंची पॉलिसी वेगळी काढा. त्यांच्या बीपीसाठी प्रतीक्षाकाळ (ज्या काळात आधीच्या आजाराचा खर्च मिळत नाही) जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई असतील तर त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आधीचा काळ धरतात का, हे एचआरकडून लेखी विचारून घ्या. अर्जात बीपीची गोळी आणि ती कधीपासून चालू आहे हे स्पष्ट लिहा. एजंट म्हणेल, 'राहू द्या, कोण बघतंय.' त्याचं ऐकू नका.