ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये लिहिलेली कथा हवी की मोकळं रान?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हजारो लोक एकत्र खेळतात त्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एमएमओमध्ये, खेळाडूला हवं ते करू द्यावं की कंपनीने लिहिलेली गोष्ट सगळ्यांनी पुढे न्यावी? दोन्ही एकाच गेममध्ये का मिळत नाही? आणि ज्याला रोज जेमतेम तासभर मिळतो त्याने सुरुवात कुठून करावी? शेवटचा भाग सोपा आहे, म्हणून तो शेवटी घेतो.

आधी माझा पूर्वग्रह कबूल करतो. मी मोकळ्या रानाचा माणूस आहे. सुरुवात केली हॉस्टेलजवळच्या सायबर कॅफेत, रॅगनारोक ऑनलाइनच्या भारतीय सर्व्हरवर, पोरिंग नावाचे गुलाबी गोळ्यासारखे प्राणी बडवत. पुढे बरीच वर्षं इव्ह ऑनलाइन, अवकाशात जहाजं चालवायचा गेम. इव्ह निवडण्यामागे तत्त्व वगैरे काही नव्हतं. तिचा सर्व्हर लंडनला, पण तो सगळ्यांच्या हालचालींचा हिशेब सेकंदातून एकदाच करतो. त्यामुळे पुण्यातून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, कितीही वाईट असला तरी तुम्ही इतरांच्या फार मागे पडत नाही. बाकीच्या गेममध्ये मी तलवार उगारेपर्यंत मेलेला असायचो.

आता दोन्ही एकत्र का जमत नाही ते. मी मूळचा कुडाळकडचा, त्यामुळे मला दशावतार आठवतो. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. शेवट सगळ्या गावाला पाठ असतो, तरी मंडळी पहाटेपर्यंत बसतात. मोकळीक आणि कथा, दोन्ही मजेत नांदतात. पण का? कारण वर आठ-दहा माणसं आणि बाकी गाव समोर बसलेलं. एमएमओमध्ये अख्खं गाव रंगमंचावर चढतं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर विष्णूचा मुकुट असतो. गावचा मुखिया तुम्हाला गहिवरून सांगतो, "आता तूच आमचा तारणहार," आणि तुमच्या मागे आणखी सहा तारणहार रांगेत उभे असतात, त्यातला एक उड्या मारत असतो.

ही अडचण कंपन्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यावर त्यांनी जे जे केलं त्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात.

पहिली ॲशरन्स कॉल या गेमची. हा गेम १९९९ मध्ये आला आणि त्याचं वैशिष्ट्य असं की दर महिन्याला कथा पुढे सरकायची. त्याच्या पहिल्याच मोठ्या कथानकात बेलझारॉन नावाचा महाराक्षस कैदेत असतो आणि त्याला अडकवून ठेवणारे स्फटिक खेळाडूंनी फोडायचे असतात. कंपनीचा हिशेब सरळ होता: लुटीच्या आशेने लोक स्फटिक फोडणार, राक्षस सुटणार, पुढचा अंक सुरू. बाकी सर्व्हरवर, म्हणजे त्याच जगाच्या वेगवेगळ्या प्रतींवर, तसंच झालं. थिसलडाउन नावाच्या सर्व्हरवर मात्र लोकांनी विचार केला की अरे, आपण तर चांगली माणसं आहोत, आपण राक्षसाला का सोडायचं? शेवटच्या स्फटिकाभोवती त्यांनी पहारा बसवला, पाळ्या लावून, रात्रंदिवस. कोणी फोडायला आला की त्यालाच मारायचे. म्हणजे बघा, त्या गेममध्ये खऱ्या अर्थाने रोल-प्ले कोणी केला असेल तर तो यांनी. आणि नेमकी तीच गोष्ट लेखकाला परवडणारी नव्हती, कारण पुढचा अंक तयार होता आणि एका सर्व्हरसाठी वेगळी कथा कोण लिहिणार? शेवटी कंपनीची माणसं स्वतः आत उतरली, पहारेकऱ्यांना मारलं, स्फटिक फुटला. नंतर त्या पहारेकऱ्यांचं स्मारक गेममध्ये उभारलं, हे मात्र खरं. मला ते स्मारक त्या राक्षसापेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

दुसरी एव्हरक्वेस्टची, २००३ च्या नोव्हेंबरमधली. त्यात केराफिर्म नावाचा झोपलेला ड्रॅगन होता. त्याचे चार राखणदार मारले की तो जागा होणार आणि दिसेल त्याला संपवत सुटणार. हे एका सर्व्हरवर एकदाच घडायचं, पुन्हा नाही. त्याला मारायचं असतं ही कल्पनाच नव्हती. तो मुळी मरण्यासाठी बनवलेला नव्हता. रॅलोस झेक सर्व्हरवरच्या जवळपास दोनशे लोकांनी एरवीची भांडणं बाजूला ठेवून त्याला घेरलं. माणूस मरायचा, उठवला जायचा, परत धावायचा, असं तासन्‌तास. ड्रॅगनची ताकद चौथ्या हिश्श्यापर्यंत खाली आली आणि तो अचानक नाहीसा झाला. देखरेख करणाऱ्यांनीच त्याला काढून टाकलं होतं. त्यावर जो ओरडा झाला त्यानंतर कंपनीने पुन्हा संधी दिली, आणि लोकांनी त्याला मारलाच.

या दोन्ही प्रसंगांत लिहिलेला शेवट खेळाडूंना मान्य नव्हता. मी त्यांच्याच बाजूने. पण "मग लिहूच नका, सगळं सोडून द्या" असं म्हणणाऱ्यांनी अल्टिमा ऑनलाइनकडे बघावं. १९९७ चा गेम. त्याच्या निर्मात्यांनी जंगलाचं अख्खं अन्नचक्र रचलं होतं: गवतावर हरीण जगणार, हरणावर लांडगे, भक्ष्य कमी झालं की जनावरं वस्तीकडे सरकणार आणि त्यातून आपोआप गोष्टी घडणार. खेळाडू आले आणि त्यांनी जे हललं ते मारलं. चक्र फिरायला जनावरच उरेना. शेवटी ती व्यवस्था काढून टाकावी लागली. गेमचा जनक रिचर्ड गॅरियट त्याच वर्षी चाचणीच्या दिवसांत राजा म्हणून प्रजेसमोर उभा होता. सर्व्हर मध्येच बंद पडून सुरू झाल्यावर त्याचं अमरत्व लावायचं राहून गेलं आणि एका प्रजाजनाने त्याला जाळून मारलं. हा किस्सा सगळे हसत सांगतात. पण राजाच्या जागी शिवणकाम करणारा, लाकडं तोडणारा, घोडे पाळणारा साधा खेळाडू ठेवा. शहराच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की लुटला. २००० मध्ये त्यांनी त्या जगाची एक प्रतच काढली, ट्रामेल नावाची, जिथे तुमच्या संमतीशिवाय कोणी तुम्हाला मारू शकत नाही. बहुतेक वस्ती तिकडे गेली. जुने खेळाडू अजून म्हणतात की तिथेच गेम संपला. असं म्हणणाऱ्यांत लुटणारे किती आणि लुटले गेलेले किती, हे विचारायला हवं.

मी लुटलो गेलेल्यांपैकी. इव्हमध्ये दोन महिने खाणकाम करून जमवलेला सगळा माल एका जहाजात भरून जिता नावाच्या तिथल्या मोठ्या बाजारात निघालो होतो. रस्ता पोलिसांच्या पहाऱ्यातला, सुरक्षित म्हणवला जाणारा. तिथे तुमच्यावर हल्ला करणाऱ्याला पोलिस उडवतातच, पण काही सेकंदांनी. स्वस्तातल्या जहाजांचा एक थवा आला, त्यांनी मला फोडलं, पोलिसांनी त्यांना फोडलं, आणि त्यांच्या एका साथीदाराने शांतपणे माझा माल उचलून नेला. त्यांचा खर्च माझ्या मालाच्या पासंगालाही पुरला नसता. तक्रार नाही, नियमात बसणारंच होतं सगळं. पण त्या रात्री मला कळलं की मोकळीक मोकळीक म्हणतो ती सगळ्यांना सारख्या मापाने मिळत नाही. ज्याच्याकडे वेळ जास्त, माणसं जास्त, त्याची मोकळीक मोठी.

तरीही मी इव्ह सोडली नाही, कारण तिथे जे घडतं ते कुठल्याही लेखकाच्या हातून घडलं नसतं. २७ जानेवारी २०१४ ची बी-आर५आरबी या भागातली लढाई घ्या. अवकाशातला एखादा भाग ताब्यात ठेवायचा तर तेव्हा ठराविक मुदतीने भाडं भरावं लागायचं. खेळाडूंच्या एका युतीचं ते भाडं भरायचं राहिलं. बस, सोसायटीचा मेन्टेनन्स थकावा इतकं क्षुल्लक कारण. ताबा सुटला, शत्रूला सुगावा लागला, आणि एकवीस तासांहून जास्त चाललेल्या लढाईत साडेसात हजारांवर लोक सामील झाले. इतकी गर्दी झाली की सर्व्हर टिकावा म्हणून गेमचा वेळच दहा टक्के वेगावर आणला गेला. तोफेचं बटण दाबून चहा करून यावं. टायटन म्हणजे सर्वांत मोठी जहाजं, एकेक बांधायला महिनोन्‌महिने लागतात. तशी ७५ नष्ट झाली. डॉलरमध्ये हिशेब केला तर नुकसान सुमारे तीन लाखांचं. काही सांगाडे कंपनीने तिथेच कायमचे ठेवलेत, आजही जाऊन बघता येतात.

आता लोक याला "लेखकाशिवाय घडलेली गोष्ट" म्हणतात. माझं इथेच दुमत आहे. भाडं थकलं तर ताबा जाईल, हा नियम आइसलँडमध्ये, इव्हच्या कंपनीत बसून कोणीतरी लिहिला होता. फुटलेलं जहाज परत मिळणार नाही, हेही कोणीतरी लिहिलं. माल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला स्वतः वाहून न्यावा लागेल, हेही. लेखक तिथेही आहेच, फक्त तो शेवट लिहीत नाही, भाडं लिहितो. ॲशरन्स कॉलच्या लेखकाला शेवट हवा होता म्हणून त्याला स्वतःच्याच सर्वांत चांगल्या खेळाडूंवर तलवार चालवावी लागली.

एक कबुली मात्र द्यायला हवी. ती लढाई झाली तेव्हा मी इव्ह खेळत होतो आणि ऑफिसात बसलो होतो. मला ती दुसऱ्या दिवशी वाचायला मिळाली, जशी ती न खेळणाऱ्यांनाही मिळाली. मोकळ्या रानातली महान गोष्ट घडते ती तिथे हजर असलेल्यांची. उशिरा येणाऱ्याला सांगाडे बघायचे. केराफिर्मही एकदाच. लिहिलेल्या कथेची बाजू मला इथे पटते: ती तुमची वाट बघत थांबते. दहा वर्षांनी आलात तरी पहिलं पान पहिलंच.

आणि ती चांगली लिहिली तर मुकुटांच्या गर्दीतूनही वाट निघते. फायनल फँटसी चौदा २०१० मध्ये आला तो इतका फसला की कंपनीने दिग्दर्शक बदलून नाओकी योशिदाकडे काम सोपवलं आणि गेम नव्याने बांधायला घेतला. जुनं जग नुसतं बंद करून टाकता आलं असतं. त्याऐवजी आकाशातला लाल चंद्र महिनोन्‌महिने मोठा होत गेला आणि ११ नोव्हेंबर २०१२ ला सर्व्हर बंद होताना तो फुटून जग उद्ध्वस्त झालं. पुढच्या ऑगस्टमध्ये नवा गेम सुरू झाला, कथेत पाच वर्षांनी. त्यातल्या लोकांना आठवतं की काही वीरांनी आपल्यासाठी लढा दिला, पण त्यांचे चेहरे आठवत नाहीत, उन्हाकडे पाठ करून उभ्या माणसासारखे काळे दिसतात. म्हणजे जुने खेळाडू सगळेच नायक, आणि कोणा एकाचं नाव घ्यायची गरज नाही. ही युक्ती सुचलेल्या माणसाला माझा साष्टांग नमस्कार.

याउलट वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २००८ पासून केलेला उपाय मला रुचला नाही. तुम्ही गाव वाचवलं की तुम्हाला ते वाचलेलं दिसतं, ज्याने अजून वाचवलं नाही त्याला जळताना दिसतं. कागदावर छान. प्रत्यक्षात मी आणि माझा मावसभाऊ एकाच चौकात उभे राहून फोनवर "अरे कुठे आहेस, इथेच तर आहे" करत होतो. एकत्र खेळायलाच तर आलो होतो.

स्टार वॉर्सवाल्यांनी तर दोन्ही टोकं करून पाहिली. गॅलक्सीज या त्यांच्या गेममध्ये खेळाडू गावं वसवायचे, नाचणाऱ्या-गाणाऱ्यांचा पेशा घेऊन कॅन्टिनामध्ये, म्हणजे गुत्त्यात, बसायचे; २००५ मध्ये ते सगळं कापून नऊ ठरीव पेशांवर आणलं आणि जुनी वस्ती उठून गेली. १५ डिसेंबर २०११ ला तो बंद पडला. पाच दिवसांनी ओल्ड रिपब्लिक हा त्यांचा दुसरा गेम अधिकृतपणे सुरू झाला: आठ पेशे, आठ वेगळ्या कथा, प्रत्येक संवाद आवाजासकट. कथा झकास आहेत. संपल्या की मात्र काय करायचं हा प्रश्न पडतो, कारण इतक्या मेहनतीच्या कथा लोक वाचतात त्या वेगाने कोणी लिहू शकत नाही.

तर तुमचा तासभर. फायनल फँटसी चौदाची मोफत आवृत्ती घ्या, तिला दिवसांची मर्यादा नाही. सुरुवातीची कथा रटाळ आहे, "हे नेऊन दे, ते आणून दे" फार; नेटाने पुढे जा. रोज तासभर देऊनही कोणाच्या मागे पडल्यासारखं वाटणार नाही. इव्हमध्ये तासभरात नुसता प्रवास होतो, आणि तिथे एकट्याने राहण्यात अर्थ नाही, आधी एखादी कॉर्पोरेशन, म्हणजे खेळाडूंचा गट, गाठायला हवी. तरी एखाद्या मोठ्या सुट्टीत यावंसं वाटलं तर जरूर या. फक्त सगळा माल एका खेपेत नेऊ नका.